दिवा लावून ठेवतो म्हणणारा सुतार

मंडळी, पसरणीचा घाट चढण्याआधी वाईत मुक्कामाला थांबणारे पाहुणे आपण पाहतोच. लॉजच्या दारात त्यांचे प्रश्न दोनच: खोली स्वच्छ आहे ना, आणि कितीला? अमेरिकेतल्या एका सुताराने या दोन प्रश्नांवरच रेडिओत नाव काढलं. टॉम बोडेट हे ते नाव. अलास्कातलं होमर हे समुद्रकाठचं छोटं गाव, आणि धंदा घरं बांधण्याचा.

मोटेल सिक्स ही स्वस्त मुक्कामाची साखळी १९६२ साली निघाली. तेव्हा एका रात्रीला सहा डॉलर, म्हणून नावात सिक्स. पुढे धंदा बसू लागला. जाहिरात संस्थेने गिऱ्हाइकांना बोलतं केलं, तर आपण तिथे उतरतो हे कबूल करायलाच लोक लाजत होते. एकाने कबूल केलं, की मग बाकीचे वाचवलेले पैसे अभिमानाने सांगायचे! म्हणजे खोल्या विकायच्या नव्हत्याच, काटकसरीची लाज घालवायची होती.

इथे घोटीव आवाज उपयोगाचा नव्हता. आपल्याकडे मुंबई-पुणे-नागपूरच्या विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती सुरू झाल्या. आपले कान तयारीच्या आवाजांना सरावलेले. बोडेट मात्र सार्वजनिक रेडिओवर आपली स्फुटं वाचत, ती पारावर गप्पा माराव्यात तशी. जाहिरातलेखक डेव्हिड फाउलर यांनी ती ऐकली होती. हा माणूस स्वतःच अशा खोलीत उतरत असेल, असं ऐकणाऱ्याला वाटावं, असा तो आवाज. आणि ऐकणारा कुठे? गाडीत, रात्री कुठे थांबायचं या विचारात. रेडिओ निवडण्यात खरं डोकं होतं ते हे.

१९८६ साली पहिलं ध्वनिमुद्रण झालं. मजकूर संपला, काही सेकंद उरले. बोडेटनी आपल्या मनाचं वाक्य जोडलं: तुमच्यासाठी दिवा लावून ठेवतो. उशिरा येणाऱ्या माणसासाठी घरचे करतात ना, तेच. संहिता फाउलर यांच्या, हे विसरू नये. पण लोकांच्या तोंडी बसलं ते हे उरल्या वेळेतलं वाक्य. पुढे तीन दशकांहून जास्त काळ हाच आवाज चालला. बोडेटनी पुस्तकंही लिहिली, तरी ओळख राहिली ती दिव्याची.

२०२४ मध्ये ही साखळी आपल्या ओयोने विकत घेतली. २०२५ साली बोडेट न्यायालयात गेले. करार संपल्यावरही आपलं नाव आणि आवाज वापरला जातोय, असा त्यांचा दावा होता.