पाळणा हलेना? तपासणी दोघांचीही करा

शेतकरी बंधूंनो, पेरलेलं उगवलं नाही, की आपण जमिनीबरोबर बियाणंही तपासतो. पण घरात पाळणा हलला नाही, की बोट सुनेकडेच. तिला देवऋषाकडे नेतात; गड्याला मात्र कुणी दवाखान्यात नेत नाही.

पुरुषांमधलं एक नेहमीचं कारण म्हणजे 'व्हेरिकोसील'. वृषणातलं रक्त परत नेणाऱ्या शिरांत झडपा असतात. त्या निकामी झाल्या, की फूटव्हॉल्व्ह गळाल्यासारखं रक्त मागे येऊन साचतं, शिरा फुगतात. हाताला गांडुळांच्या पुंजक्यासारखं लागतं. उभं राहिल्यावर वाढतं, आडवं झाल्यावर ओसरतं. बहुधा डावीकडेच होतं. वृषणात उष्णता वाढून शुक्रजंतू घटू शकतात. १०० पुरुषांत सुमारे १५ जणांना हा दोष असतो.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. मूल होत नाही, शिरा हाताला लागतात आणि वीर्यतपासणीत उणीव दिसते, अशा वेळी डॉक्टर ते सुचवतात. त्यात फुगलेल्या शिरा बांधतात. वृषण काढत नाहीत, मर्दपणाही जात नाही. गुण दिसायला ३ ते ६ महिने लागतात. मूल होईलच, अशी हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. गोळ्या-चूर्णाने शिरा पूर्ववत होत नाहीत, तिथं पैसे घालवू नका.

एक ध्यानात ठेवा: वृषणात एकाएकी असह्य कळ आली, तर तो पीळ असू शकतो. सकाळची वाट न पाहता तासाभरात रुग्णालय गाठा.

एरवीही लाज सोडा. वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर नवरा-बायको दोघेही तपासून घ्या.