कनकेश्वरावरून दिसणारा समुद्र

समुद्रकाठच्या माणसाला समुद्राचे काय अप्रूप? घराबाहेर पडले की तो समोर असतोच. पण वाळूत उभे राहून आपल्याला समुद्र किती दिसतो, याचा हिशेब कधी केला आहे का? जेमतेम साडेचार किलोमीटर! त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. म्हणून लांबच्या गलबताची आधी डोलकाठी दिसते, बूड मागाहून. अधिक पाहायचे तर उंच चढावे लागते. आणि अलिबागच्या उत्तरेचा कनकेश्वराचा डोंगर त्यासाठी चांगला.

पायथ्याला मापगाव. तिथून दगडी पायऱ्या सुरू होतात, त्या सुमारे साडेसातशे. वर महादेवाचे जुने देऊळ आहे आणि शेजारी पुष्करिणी. डोंगर बाराशे फुटांच्या आसपास, म्हणजे साधारण ३६० मीटर. सावकाश गेले तरी तास-दीड तासात माणूस वर पोचतो. चढ सोपा वाटतो तो पायऱ्यांमुळे आणि तितकाच झाडीमुळे. भर दुपारीही वाटेवर सावली असते. ती नसती तर तापलेल्या दगडांवरून पोरे निम्म्यातून परत फिरली असती.

आता गणित. डोळा समुद्रापासून किती मीटर उंच आहे ते घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि साडेतीनाने गुणा. जे येईल तितके किलोमीटर क्षितिज लांब. साडेतीन हा आकडा थोडा कमीच धरला आहे, पण तोंडी हिशेबाला सोयीचा. ३६० चे वर्गमूळ १९. म्हणजे माथ्यावरून साठ किलोमीटरांहून अधिक लांबचे क्षितिज. मात्र यात एक गंमत आहे. पाव उंचीवर, म्हणजे ९० मीटरवर, वर्गमूळ साडेनऊ. पाव डोंगर चढला की निम्मे अंतर हाती आले! तेव्हा ज्या आजींचे गुडघे दुखतात, त्यांनी खट्टू होऊ नये. झाडांच्या फटीतून जिथे पाणी दिसेल तिथे बसावे. त्यांचा वाटा काही थोडाथोडका नाही.

माथ्यावरून पश्चिमेला पाहा. थळच्या समोर दोन बेटे दिसतील, खांदेरी आणि उंदेरी. दक्षिणेला अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला तिथे पायी जाता येते. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला मुंबईची बाजू. एवढे एका नजरेत आले की इतिहासातली एक गोष्ट आपोआप उलगडते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर तटबंदीचे काम काढले, तेव्हा मुंबईचे इंग्रज एवढे का बिथरले? नकाशात ते बेट म्हणजे एक ठिपका. वरून पाहा: दक्षिणेकडून मुंबईला जाणारे जहाज त्याच्या नजरेतूनच जाणार. इंग्रजांनी आरमार धाडले, पण खांदेरी सुटली नाही. पुढे १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. ज्याची नजर लांब, त्याचा दर्या, असा तो मामला होता. खांदेरीवर १८६७ साली दीपगृह झाले, तेही याच न्यायाने: दिवा उंच, म्हणून तो लांबून दिसतो. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे.

गुरुजी, शाळेची सहल न्यायची तर पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे न्या. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि माथा ढगात असतो. उन्हाळ्यात धुरकट हवेने लांबचे दिसत नाही. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला यात्रेकरूंची गर्दी असते, ते दिवस टाळा. सकाळी लवकर निघा. पाणी बरोबर घ्या. मुलांना आधी किनाऱ्यावर उभे करा, एखादी होडी कुठवर दिसते ते वहीत लिहायला सांगा, आणि मग वर न्या. भूगोल, गणित आणि इतिहास हे तीन तास एका सकाळी होतील.

एक मात्र मुलांना बजावून सांगा. वाटेवर विस्तव करायचा नाही, झाड तोडायचे नाही, खाऊची पिशवी टाकायची नाही. याच झाडांच्या मुळांनी उतारावरची माती धरून ठेवली आहे आणि पावसाचे पाणी डोंगरात मुरते ते त्यांच्यामुळेच. झाडी गेली तर माती वाहून जाईल, पायऱ्या उखडतील, खालच्या विहिरी लवकर आटतील. माथ्यावरून समुद्र तेवढाच दिसेल हो, पण तिथवर पोरांना चालत नेणारी सावली राहणार नाही.