तेलाच्या रांगेत

मंगळवार, २ जानेवारी २०२४ रोजी आमच्या सिकंदराबादेत व हैदराबादेत जे दृश्य दिसले, ते येथील वाचक विसरले नसतील. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास नव्या फौजदारी कायद्यात जी शिक्षा सांगितली आहे, तिच्या निषेधार्थ देशभर ट्रक व टँकर चालकांनी काम बंद ठेवले होते. टँकर आले नाहीत तर पंप कोरडे पडणार, ही वार्ता बघता बघता शहरभर झाली आणि जो तो आपले वाहन घेऊन पंपाकडे धावला. रांगा एका चौकातून दुसऱ्या चौकात गेल्या. चंचलगुडा भागात तर घरोघर जेवण पोहोचविणारा एक तरुण रांगेला कंटाळून चक्क घोड्यावर बसून निघाला, आणि त्याचे चित्र देशभर फिरले.

आमच्या शाळेत दुपारनंतर पुरुष शिक्षक एकामागून एक 'जरा जाऊन येतो' म्हणून बाहेर पडू लागले. ते कोठे जात होते हे न कळण्याइतके आम्ही भाबडे नव्हतो. शेवटच्या दोन तासिका शिक्षिकांनी वर्ग एकत्र करून सांभाळल्या. या बहुतेक भगिनी बसने येणाऱ्या. तेलंगणात स्त्रियांना बसप्रवास विनामूल्य होऊन (९ डिसेंबर २०२३) तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यांना पंपाशी काही कर्तव्य नव्हते. मुख्याध्यापक या नात्याने आम्ही दुसऱ्या दिवशी शिक्षकांची कानउघाडणी करावयास हवी होती, परंतु ती करण्यास आमची जीभ रेटली नाही. कारण शाळा सुटताच आम्हीही स्कूटर काढून त्याच रांगेत जाऊन उभे राहिलो होतो, आणि पूर्ण दोन तास उभे होतो.

रांगेत बोलणी होतातच. पुढे उभे असलेले एक निवृत्त सुभेदार अरबांना दोष देत होते. रिक्षावाला दिल्लीच्या व येथल्या करांचा हिशेब मांडत होता. एका विद्यार्थ्याच्या मते सारा डाव तेल कंपन्यांचा. आम्ही शिक्षकी पेशास अनुसरून सर्वच राजकारण्यांवर तोंडसुख घेतले. एवढ्या माणसांत 'यात माझाही वाटा आहे' असे कोणीच म्हणाले नाही. आमच्याही तोंडून ते निघाले नाही, आणि हीच गोष्ट घरी परतल्यावर मनाला लागून राहिली.

तसे पाहता ही आमची पहिली रांग नव्हे. आमचे वडील लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात नोकरीस होते आणि सायकलने जात-येत. १९७९-८० च्या सुमारास, आम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना, पाच लिटरचा डबा हाती देऊन आई आम्हांस रेशनच्या दुकानापुढे उभे करी. त्या तेलाला आमच्या घरी घासलेट म्हणत, पुण्याकडून आलेली मावशी रॉकेल म्हणे. एक शब्द 'गॅसलाइट'वरून आला, दुसरा 'रॉक ऑइल'वरून, असे पुढे एम. ए. करताना वाचले. म्हणजे वस्तूबरोबर तिचे नावही आपण परदेशातूनच आणले होते! पण त्या वेळी तेल लागे ते स्टोव्हपुरते, कंदिलापुरते. घासलेट मिळाले नाही तर आई शेगडी पेटवी, आणि वडिलांची सायकल काही त्यावाचून अडत नसे. पंपावरच्या रांगेत उभे असताना मात्र आमच्यापुढे पेटवायला दुसरी शेगडी नव्हती.

हे कसे घडले? १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेले तेल नव्या वर्षाच्या आरंभी साडेअकरा डॉलरांच्या वर गेले. त्याच नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. परंतु त्या संकटात एक आशाही होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजावरून खोदताना मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात तेल लागले, आणि मे १९७६ मध्ये 'बॉम्बे हाय'चे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर तेल निघाले याचा येथल्या मराठी माणसांनाही कोण अभिमान वाटला होता! १९८४-८५ साली देशात सुमारे २९ दशलक्ष टन कच्चे तेल निघाले. देशाची त्या वेळची गरज ४० दशलक्ष टनांच्या आतच होती. दोन तृतीयांशांहून अधिक तेल घरचे!

आता २०२३-२४ चा आकडा पाहावा. देशातील उत्पादन पुन्हा सुमारे २९ दशलक्ष टनच, आणि वापर २३३ दशलक्ष टनांच्या घरात. चाळीस वर्षांत विहिरीचे पाणी तेवढेच राहिले आणि पिणारी तोंडे सहापट झाली. आयातीचे प्रमाण शेकडा ८८ च्या आसपास गेले. यात अरबांनी काय केले? त्यांनी माल विकला. त्यांच्याकडून तो घ्यायचा, आणि इतका घ्यायचा, हे आपणच ठरविले.

अरबांना शिव्या देणे तेलंगणात तर विशेष विपरीत वाटते. करीमनगर, निजामाबाद, जगित्याल या भागांतील आणि हैदराबादच्या जुन्या शहरातील हजारो घरांची चूल दुबई, रियाध, कुवेत येथून येणाऱ्या पैशावर पेटते. आमच्याही शाळेत वडिलांना दोन-दोन वर्षे न पाहिलेली मुले आहेत. त्यांतल्या एकाने निबंधात 'माझे बाबा फोनमध्ये राहतात' असे लिहिले होते. आपण तेलापायी जो पैसा पाठवितो त्याचा काही अंश या मुलांच्या बापांच्या घामातून परत येतो. १९९० साली इराकने कुवेत घेतले तेव्हा तेलही महागले आणि माणसेही परत आणावी लागली. एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून एक लक्ष सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना सोडवून आणले. पुढच्याच वर्षी परकीय चलनाची तिजोरी रिकामी झाली आणि सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवण्याची वेळ आली. त्या सुमारास पंतप्रधानपदी आलेले पी. व्ही. नरसिंह राव हे आमच्या तेलंगणाचेच, आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारे मराठीचे जाणकार. त्यांच्या सरकारने जुलै १९९१ च्या अंदाजपत्रकात पेट्रोलचा भाव शेकडा वीसने वाढविला, आणि का वाढविला ते लोकांना सांगितले. अल्पमतातले सरकार असून ते टिकले. खरे सांगितले तर लोक ऐकतात, याचे हे उदाहरण राजकारण्यांनी का विसरावे?

कारण तो अपवाद ठरला. एरवी पक्ष कोणताही असो, तेलाचा खरा भाव जनतेपासून झाकून ठेवणे हीच रीत. २००५ ते २०१० या काळात जगात तेल महागत असता पंपावरचा भाव दाबून धरला गेला, आणि तूट भरून काढण्यासाठी तेल कंपन्यांना रोख्यांचे कागद देण्यात आले. ते रोखे एक लक्ष तीस हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे होते आणि त्यांच्या फेडीच्या मुदती थेट २०२५-२६ पर्यंत गेल्या. म्हणजे २००८ साली आम्ही स्कूटरमध्ये जे स्वस्त पेट्रोल भरले, त्याचे बिल आमच्या शाळेत तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुलांच्या नावे लिहिले गेले. २०१४ नंतर याच्या उलट झाले. जगात तेल कोसळले, पण स्वस्ताई पंपापर्यंत पोहोचली नाही. पेट्रोलवरील केंद्राचे उत्पादन शुल्क २०१४ च्या आरंभी लिटरमागे ९ रुपये ४८ पैसे होते, ते मे २०२० मध्ये ३२ रुपये ९८ पैसे झाले. राज्येही मागे राहिली नाहीत. तेलंगणाने जानेवारी २०१५ मध्ये पेट्रोलवरील व्हॅट शेकडा ३१ वरून ३५.२० वर नेला.

कर वाढविला म्हणून आमची तक्रार नाही, हे ऐकून वाचक कदाचित रागावतील. परावलंबी वस्तूवर कर असावा, भरपूर असावा, असेच आमचे मत आहे. तक्रार आहे ती हा पैसा कोठे गेला ते कोणी सांगितले नाही याची. त्यातून बसगाड्या आल्या असत्या तर रांगेतला रिक्षावालाही तो कर निमूटपणे भरता, असे नाही; पण निदान त्याच्याशी वाद घालता आला असता.

बसचा विषय निघाला म्हणून सांगतो. या शहराला बस काही नवी नाही. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी मोटार वाहतूक सुरू केली. टँकबंडवरून डुलत जाणाऱ्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळावी म्हणून आम्ही भावंडे भांडत असू. पुढे शहर वाढले, बस त्या मानाने वाढली नाही. २०१९ च्या अखेरीस परिवहन कामगारांचा सात आठवडे संप चालला. महामंडळ तोट्यात आहे आणि त्या तोट्यात डिझेलचा मोठा वाटा आहे, असे त्या वेळी सांगितले जाई. संपानंतर शहरातील शेकडो गाड्या कमी करण्यात आल्या. डिझेल महाग म्हणून बस काढली, आणि बस नाही म्हणून पन्नास माणसांनी पन्नास दुचाक्या काढल्या! यात तेल वाचले की जळले, हे पाचवीच्या मुलालाही सांगता येईल. मेट्रो आली हे चांगलेच झाले, २०२० पासून ती जुबिली बसस्थानकाहूनही सुटते. पण घरापासून मेट्रोपर्यंत आणि मेट्रोपासून शाळेपर्यंत पुन्हा वाहन लागतेच.

राजकारण्यांना आकडे जाहीर करण्याची हौस फार. परावलंबन २०३० पर्यंत कसे घटवावे याचा आराखडा डॉ. विजय केळकर यांच्या समितीने करून दिला होता. मार्च २०१५ मध्ये दिल्लीतील ऊर्जा परिषदेत पंतप्रधानांनी २०२२ पर्यंत आयात दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट सांगितले. त्या वेळी आयात ७७ टक्क्यांच्या आसपास होती, २०२१-२२ साली ती ८५ च्या वर गेली होती. उद्दिष्ट चुकले याबद्दल कोणी खुलासा केल्याचे आमच्या वाचनात नाही. आमच्या शाळेचा निकाल दहा टक्क्यांनी घसरला तर आम्हांस तीन प्रतींत खुलासा द्यावा लागतो.

आता उसापासून व धान्यापासून केलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. ते वाईट नव्हे. परंतु आमच्यापैकी कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव मराठवाड्यात आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपण विसरावे काय? तेलाची उधारी फेडण्यासाठी पाण्याची उधारी करणे हा शहाणा व्यवहार नाही.

मग राजकारण्यांनी करावे काय? आमच्या मते त्यांनी पंपावरच्या पावतीवर केंद्राचा कर किती, राज्याचा किती, हे छापावे. त्यातील ठरावीक हिस्सा शहरांच्या बससाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी द्यावा. स्त्रियांना विनामूल्य प्रवास दिला हे उत्तम, पण गाड्या तितक्याच ठेवून प्रवासी वाढविले तर पायरीवर लोंबकळण्याची सवलत तेवढी मिळते. निवडणुकीपूर्वी भाव गोठवायचे आणि मते पेटीत पडली की वाढवायचे, हा खेळही थांबावा. अर्थात हा खेळ आपल्यासाठीच चालतो. पेट्रोल दोन रुपयांनी स्वस्त करणाऱ्याला आपण मत देतो. बस वाढवीन म्हणणाऱ्याची सभा रिकामी असते.

त्या रांगेनंतर आम्ही एक निश्चय केला. मलकाजगिरीच्या आमच्या घरापासून शाळा साडेचार किलोमीटर. महिनाभर बसने जायचे ठरविले. पहिले सहा दिवस गेलो. सातव्या दिवशी सव्वाआठची बस आली नाही, पुढची आली ती दारापर्यंत भरलेली, आणि प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकच गैरहजर असे झाले. शिक्षक काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव आम्ही ओळखला. संक्रांतीच्या सुटीनंतर स्कूटर पुन्हा बाहेर निघाली.

या मार्गावर सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान दोन जादा गाड्या सोडाव्यात, असे पत्र आम्ही शाळेच्या कागदावर संबंधित कार्यालयास लिहिले आहे. त्यावर एकवीस शिक्षकांच्या सह्या आहेत. त्यांपैकी चौदा जणांनी सही करण्यापूर्वी, गाड्या सुटल्या तर आपणांस बसने यावेच लागेल काय, असे विचारून घेतले. पत्राची पोच अद्याप आलेली नाही.