शेतवाडीसाठी सुवाह्य अग्निशामक पंप

भिलाई परिसरातील हथखोज हे नाव आज अवजड उद्योगांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि पुढील दशकांत तिच्या आसमंतात लहानमोठे कारखाने उभे राहिले. तथापि हा मुलूख मूळचा भातशेतीचा. कापणी-मळणीनंतर पूर्व विदर्भात ज्याला तणीस व छत्तीसगढीत पैरा म्हणतात, त्या भाताच्या पेंढ्याची गंजी खळ्यालगत रचली जाते. गुरांची वर्षभराची वैरण तीत साठविलेली असते आणि गोठाही बहुधा शेजारीच असतो. अशा गंजीला आग लागली म्हणजे अग्निशामक दलाची गाडी येईपर्यंतचा वेळ निर्णायक ठरतो. तो वेळ हाती असावा म्हणून काही शेतमालक स्वतःचा पंप ठेवू इच्छितात. त्याची निवड कशी करावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

पहिला विचार पंपाचा नव्हे, पाण्याचा करावा लागतो. सतराव्या शतकात इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्ली याने दाखवून दिले की पंप पाणी वर ओढत नाही. पंपाने निर्माण केलेल्या पोकळीत बाहेरच्या हवेचा दाब ते ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकतो. भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर असल्याने तेथे ही मर्यादा १० मीटरच्या जवळपास येते. नळीतील घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा आणि पाण्याची उष्णता लक्षात घेता प्रत्यक्षात ७ मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी घेण्याची अपेक्षा धरू नये; ५ मीटरच्या आत असल्यास उत्तम. ही मोजणी श्रावणात भरलेल्या तळ्याकाठी करून उपयोग नाही. आगीचा धोका चैत्र-वैशाखात वाढतो आणि तेव्हाच तळी-विहिरींतील पाणी सर्वांत खाली गेलेले असते. मोजमाप त्याच दिवसांत घेतले पाहिजे.

दुसरा विचार दाबाचा. पुढील उदाहरण त्यासाठी उपयोगी पडेल. तळ्यातील पाणी पंपाच्या ४ मीटर खाली आहे, गंजी ६० मीटर दूर व ३ मीटर उंचावर आहे, आणि नोझलचे तोंड १२ मिलिमीटरचे आहे, असे समजू. धार नेमकी व जोरकस पडण्यासाठी नोझलपाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलोग्रॅम दाब हवा. या दाबाला नोझलमधून मिनिटाला सुमारे १६५ लिटर पाणी बाहेर पडते. तीन किलोग्रॅमचा दाब म्हणजे ३० मीटर पाण्याचा स्तंभ होय. त्यात ४ मीटर खोली, ३ मीटर चढ आणि ३८ मिलिमीटर व्यासाच्या ६० मीटर नळीतील घर्षणाचे सुमारे १२ मीटर मिळविले की बेरीज ४९ मीटर होते. म्हणजेच पंपाने मिनिटाला १६५ लिटर पाणी ५० मीटर 'हेड'वर दिले पाहिजे.

येथेच अनेकांची फसगत होते. शेताला पाणी देणारे लहान पेट्रोल पंप मिनिटाला कित्येक शे लिटर पाणी देतात. पण त्यांतील अनेकांचे कमाल हेड ३० मीटरच्या आसपासच असते. पाटात पाणी सोडण्यास ते योग्य, आगीवर धार फेकण्यास अपुरे. शिवाय माहितीपत्रकातील कमाल प्रवाह आणि कमाल हेड ही एकाच वेळी मिळणारी मूल्ये नव्हेत. कमाल हेडला प्रवाह शून्य असतो. म्हणून विक्रेत्याकडे पंपाचा आलेख मागावा आणि आपल्या हेडला किती पाणी मिळेल ते पाहावे. वरील कामासाठी ५ ते ६ अश्वशक्तीचे, उच्च दाबाच्या पंपाला जोडलेले इंजिन साधारणपणे पुरते. अग्निशमनासाठी बनविलेल्या, मिनिटाला २७५ लिटर पाणी देणाऱ्या सुवाह्य पंपसंचासाठी भारतीय मानक ९४२ उपलब्ध आहे.

तिसरा विचार साठ्याचा. मिनिटाला १६५ लिटर म्हणजे तासाला सुमारे १०,००० लिटर. छपरावरची २,००० लिटरची टाकी अशा धारेपुढे १२ मिनिटे टिकते.

नळ्यांकडे दुर्लक्ष केल्यास उत्तम पंपही निरुपयोगी ठरतो. पाणी घेणारी नळी कडक असावी, अन्यथा ती आतल्या आत चपटी होते. तिच्या टोकाशी जाळी असावी आणि ती गाळापासून वर, पण पाण्यात पूर्ण बुडालेली राहावी. वितरणाच्या नळीत प्रवाह तेवढाच ठेवून व्यास ३८ ऐवजी ६३ मिलिमीटर केल्यास घर्षण सुमारे बारा पटींनी घटते. मात्र पाण्याने भरलेली जाड नळी एकट्याने ओढणे कठीण असते. म्हणून लांब अंतरासाठी जाड नळी टाकून शेवटच्या टप्प्यात बारीक नळी जोडणे सोयीचे. जोड अग्निशामक दलाच्या जोडांशी जुळणारे घेतल्यास गाडी आल्यावर दोन्ही साधने एकत्र वापरता येतात.

विजेच्या मोटारीवर विसंबू नये, कारण आगीच्या वेळी वीज तोडावीच लागते. इंजिनाचा पंप महिन्यातून एकदा प्रत्यक्ष पाणी घेऊन चालवावा आणि जुने पेट्रोल बदलावे. बंद खोलीत इंजिन चालविल्यास त्याचा विषारी वायू प्राणघातक ठरतो. वीजप्रवाह चालू असलेल्या तारांवर व पेटलेल्या तेलावर पाण्याची धार मारू नये.

अखेर पंपाची मर्यादाही ओळखली पाहिजे. भडकलेली गंजी बहुधा वाचत नाही. वाचवायचा असतो तो गोठा. म्हणून प्रथम १०१ क्रमांकावर वर्दी द्यावी, गुरे सोडावीत आणि धार गोठ्याच्या भिंतीवर व छपरावर धरावी. ज्वाळा शमल्या तरी गंजी आतून धुमसत राहते, म्हणून ती फोडून भिजवावी लागते. आणि गंजी गोठ्यापासून दूर रचण्याइतका स्वस्त उपाय कोणत्याही पंपात नाही.