खचलेला कोबा कसा सावरावा

पूर्वी घरापुढचे अंगण मातीचे असे. माती चोपावी, वरून शेणाने सारवावे, की काम झाले. एखादा खळगा पडला तर घरची बाई पाटीभर मुरूम टाकून तो बुजवीत असे. आता बऱ्याच घरांपुढे सिमेंटचा कोबा दिसतो. कोठे शहाबादी फरशी दिसते. चिखल गेला. धान्य वाळवायला चांगली जागा झाली. सोय मोठी झाली, यात शंका नाही.

पण चार पावसाळे गेले की तक्रारी सुरू होतात. कोबा एका कडेने खाली बसतो. फरशीचे एक टोक वर येते. मध्येच पाण्याचे डबके साचते आणि त्यात डास होतात.

तरण्या माणसाला याचे काही वाटत नाही. तो उडी मारून पुढे जातो. म्हाताऱ्या माणसाचे तसे नसते. पहाटे अंधारात ते परसाकडे जायला निघते. पायाला ठेच लागायला बोटभर उंचवटा पुरतो. उतारवयात पडून खुब्याचे हाड मोडले, तर माणूस महिनेन्‌महिने अंथरुणाला खिळते. कित्येक जण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. म्हणून खचलेल्या कोब्याची दुरुस्ती हे काही हौसेचे काम नव्हे.

दोष कोणाचा?

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या अंगणात कोबा खचला. त्यांनी खळग्यात सिमेंट आणि वाळू कालवून भरली. दिवाळीपर्यंत ते ठीक दिसले. पुढच्या पावसाळ्यात त्याचे पोपडे निघाले. त्यांनी पुन्हा भरले, पुन्हा ते उखडले. तिसऱ्या वर्षी ते आम्हाला म्हणाले, "गुरुजी, सिमेंट तर दगडासारखं असतं. मग ते खचतंच कसं?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. सिमेंट खचत नाही. खचते ती त्याच्या खालची माती. वरचा कोबा फक्त तिच्यामागे जातो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे त्यांचे चालले होते.

हे समजण्यासाठी एक खडू घ्या. तो जमिनीवर पालथ्या पाटीखाली आडवा ठेवा आणि पाटी हलकेच दाबा. खडू सहज टिकतो. आता तोच खडू दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा. मध्ये बोटाने दाबा. कट्‌कन मोडतो. खडूत काही फरक पडला नाही. फक्त खालचा आधार गेला. कोब्याचे तसेच आहे. तो दाब भरपूर सोसतो, पण वाकणे त्याला सोसत नाही. खाली पोकळी झाली की तो तडकतो किंवा खाली बसतो.

माती का हलते?

याची कारणे चार आहेत.

पहिले कारण काळी माती. आपल्या देशावरची काळी माती कपाशीला आणि ज्वारीला चांगली, पण बांधकामाला वाईट. पाणी पिऊन ती फुगते. उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खात्री हवी तर काचेचे दोन पेले घ्या. एकात वाळलेल्या काळ्या मातीची पूड घाला. दुसऱ्यात तेवढाच बारीक मुरूम घाला. दोन्हींत पाणी ओता आणि ढवळून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाहा. काळी माती फुगून वर आलेली दिसेल. मुरूम बहुधा होता तेवढाच राहील. अंगणाखाली हाच खेळ दर वर्षी चालतो.

दुसरे कारण कच्चा भराव. घाईघाईत ट्रॉलीभर माती ओततात, वरवर सारखी करतात आणि त्यावर कोबा टाकतात. ती माती पुढे पाण्याने हळूहळू दबत जाते.

तिसरे कारण घुशी आणि झाडांची मुळे. घूस खालून माती उकरून बाहेर काढते. वरून काही कळत नाही. वड, पिंपळ किंवा उंबर जवळ असेल तर मुळे फरशी उचलतात.

चौथे कारण पाणी. हे सर्वांत मोठे आहे. पहिल्या तिन्ही कारणांना तेच बळ देते.

पाण्याचा हिशेब

आपल्या छपरावरून किती पाणी पडते, याचा हिशेब करू.

समजा, छप्पर २४ फूट लांब आणि २० फूट रुंद आहे. म्हणजे ४८० चौरस फूट. त्यावर १ इंच पाऊस पडला. १ इंच म्हणजे फुटाचा बारावा भाग. ४८० ला १२ ने भागले की ४० येतात. म्हणजे ४० घनफूट पाणी. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणून एकूण ११२० लिटर पाणी झाले. १५ लिटरची घागर धरली तर जवळजवळ ७५ घागरी!

एवढे पाणी पागोळ्यांवाटे भिंतीच्या कडेला पडते. कोबा घराकडे कलला असेल तर सगळे जोत्याशी मुरते. आज कोबा खचला, उद्या जोते खचेल, परवा भिंतीला चीर पडेल. म्हणून दुरुस्तीची सुरुवात पाण्यापासून करावी.

छपराला पन्हळ बसवावी. तिचे पाणी नळीने अंगणापलीकडे सोडावे. न्हाणीचे पाणी भिंतीशी मुरू देऊ नये. ते लांबवर केळीला, अळूला द्यावे. शोषखड्डा करायचा तर घरापासून २० फूट आणि पिण्याच्या विहिरीपासून किंवा हातपंपापासून ६० फूट तरी लांब असावा. नळाची तोटी किंवा जमिनीतला पाइप गळत असेल तर तो आधी नीट करावा.

आधी पाहणी करावी

दुरुस्तीपूर्वी सगळे अंगण पाहून घ्यावे. काठीने किंवा लहान हातोडीने कोबा ठोकत जावे. खाली आधार असेल तर आवाज भरीव येतो. पोकळी असेल तर रिकाम्या मडक्यासारखा येतो. तेथे खडूने खूण करावी.

मग उतार तपासावा. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरावे. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. नळीचे एक टोक भिंतीशी धरावे, दुसरे अंगणाच्या कडेला. दोन्ही टोकांतले पाणी नेहमी एकाच पातळीवर राहते. तेथून जमीन किती खाली आहे ते दोन्हीकडे मोजावे. घरापासून दूर जाताना दर ५ फुटांना १ इंच उतार असावा.

भिंतीला चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा येथे उपयोग करा. तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. चीर रेघेच्या पुढे गेली असेल किंवा रुंदावली असेल तर भिंत अजून हलत आहे. मग कोब्यावर खर्च करू नका. आधी जाणत्या इंजिनिअरला बोलवा.

काम केव्हा काढावे?

दिवाळीनंतर, मार्गशीर्ष-पौषात, हे काम काढावे. तेव्हा माती फार ओली नसते आणि फार सुकलेलीही नसते. ऊनही सौम्य असते. भर उन्हाळ्यात कोबा लवकर सुकून तडकतो. भर पावसात भराव नीट दबत नाही.

शहाबादी फरशी उचलताना

२ फूट लांब, २ फूट रुंद आणि दीड इंच जाड फरशी सुमारे ३८ किलो भरते. दोघांनी उचलावी. काँक्रीटचा ३ फूट लांब-रुंद आणि ४ इंच जाड तुकडा मात्र जवळजवळ २०० किलोचा असतो. तो हाताने उचलायच्या भानगडीत पडू नये. पहारीने एक कड उचलावी, खाली लगेच दगडाचा टेकू द्यावा, मग दुसरी कड उचलावी. टेकूशिवाय उचललेल्या तुकड्याखाली हात घालू नये.

आणखी एक गोष्ट. फरशीखाली विंचू असतो, कधी सापही असतो. फरशी पहारीने उचलावी आणि कड आपल्यापासून दूर उघडावी. पायांत बूट असावेत. विंचू डसलाच तर मांत्रिकाकडे न जाता तडक सरकारी दवाखान्यात जावे. तसेच खालून विजेची तार किंवा नळाचा पाइप गेला आहे का, हेही आधी विचारून घ्यावे.

खालचे काम

फरशी काढल्यावर ओली, भुसभुशीत काळी माती एक फूट तरी खणून काढावी. भिंतीच्या पायाशी मात्र खोल खणू नये. घुशीचे बीळ दिसले तर ते दगडाच्या कपच्या आणि सिमेंटने बुजवावे. नुसती माती भरली तर घूस पुन्हा उकरते. मोठ्या झाडाची जाड मुळे तोडू नयेत. झाड वाऱ्यात पडेल. बुंध्याभोवती मोकळे आळे ठेवावे आणि फरशी तेवढी मागे घ्यावी.

मग मुरूम भरावा. तो एकदम भरू नये. ६ इंचांचा थर टाकावा, थोडे पाणी शिंपडावे आणि धुम्मसाने ठोकावा. टाच मारली तरी ठसा उमटू नये, इतका घट्ट झाला की दुसरा थर टाकावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळी दुरुस्ती यावरच टिकते. मजूर घाई करू लागला तर आपण जवळ उभे राहावे.

शहाबादी फरशी असेल तर मुरमावर वाळूचा इंचभर थर पसरावा. त्यावर तीच फरशी पुन्हा बसवावी. दोरी लावून उतार पाहावा. सांधे सिमेंटने भरावेत. फरशी मोडली नसेल तर नवी घेण्याची गरज नाही.

नवा कोबा घालताना

कोबा तुकडे तुकडे होऊन गेला असेल तर तेवढा भाग फोडून नवा घालावा. एका पोत्यात ५० किलो सिमेंट असते. त्याला अडीच घनफूट वाळू आणि ५ घनफूट पाऊण इंची खडी घ्यावी. म्हणजे एक माप सिमेंट, दोन मापे वाळू, चार मापे खडी. एवढ्यात ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ इंच जाड तुकडा होतो.

पोत्याला पाणी सुमारे २५ लिटर पुरे. वाळू ओली असेल तर आणखी कमी. पातळ माल पसरायला सोपा जातो, म्हणून गवंडी पाणी वाढवतात. पण जास्त पाण्याने कोबा कच्चा होतो. कालवलेला माल अर्ध्या तासात वापरून टाकावा.

सगळे अंगण एकसंध ओतू नये. सहा-सहा फुटांवर सांधे ठेवावेत. भिंत आणि कोबा यांत अर्धा इंच फट ठेवून ती डांबराने भरावी. मग कोबा हलला तरी भिंतीला ओढ बसत नाही, आणि फटीतून पाणीही जात नाही.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाणी पिऊन घट्ट होते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून कोब्यावर ओले गोणपाट टाकून १० दिवस ते सतत ओले ठेवावे. दिवसातून एकदा पाणी शिंपडले, एवढ्याने भागत नाही. त्यावरून गाडी महिनाभर नेऊ नये.

ओल्या सिमेंटने कातडी भाजते. हातांत रबरी मोजे घालावेत. डोळ्यांत उडाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवून दवाखान्यात जावे.

तुम्ही विचाराल, "जुना कोबा फोडलाच पाहिजे का?" नाही. तो अखंड असेल आणि ठोकल्यावर भरीव वाजत असेल, तर वर थर देता येतो. पण तो दीड-दोन इंच जाड हवा. जुना पृष्ठभाग टाकीने टोचावा, धुवावा, ओला करावा, सिमेंटचे पाणी फासावे आणि मग थर टाकावा. शहरात जुन्या कोब्याला भोके पाडून पंपाने खाली सिमेंटचा पातळ माल भरतात आणि कोबा वर उचलतात. त्याला यंत्र आणि जाणकार माणूस लागतो.

उजळणी

१. खचलेल्या कोब्यावर नुसते सिमेंट का टिकत नाही?

२. मुरमाचा एक थर किती इंचांचा असावा?

३. तुमच्या अंगणाचा उतार नळीने मोजा. तो घराकडे आहे की बाहेर?

४. छप्पर ३० फूट लांब आणि २० फूट रुंद आहे. १ इंच पाऊस पडला तर किती लिटर पाणी जमेल? (उत्तर : १४०० लिटर)