धंदा वाढवायचा तर आधी माणूस वाढला पाहिजे



आपल्या हिंगोली जिल्ह्यात शिकलेली पोरं आता नोकरीची वाट पाहत न बसता धंद्यात उतरू लागली आहेत. कुणी हळद शिजवायचा बॉयलर घेतो, कुणी उसाची रोपवाटिका टाकतो. गोष्ट आनंदाची आहे. पण बापाच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून उभा केलेला धंदा बसला, तर नुसता धंदा जात नाही, जमीनही अडकते. म्हणून भांडवलाआधी माणसाची तयारी झाली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या सहकाराच्या इतिहासातच आहे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. 1923 साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला तो 1950-51 मध्ये. मधली 27 वर्षे वाया गेली असे कुणी म्हणेल काय? पैसा गोळा कसा करावा, परत कसा फेडावा, चार माणसांना एका मताला कसे आणावे, हे सारे अशा कामातूनच अंगी येते. पुढे कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी अर्थतज्ज्ञ डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे दिले आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. आपल्याला काय येत नाही हे ओळखून जाणत्याला पुढे करणे, याला मोठे मन लागते.

आता आपल्याकडचे पाहू.

पहिली गोष्ट हिशेबाची. हळद शिजवणीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. बॉयलरवाल्याच्या हातात पैसा येतो तो या दोन-तीन महिन्यांत, पण कर्जावरचे व्याज बारा महिने चालू असते. एप्रिलात खिसा गरम झाला की तो सगळा नफाच वाटतो, आणि लग्नसराईत उडून जातो. हप्ता, दुरुस्ती, मजुरी आधी बाजूला काढायची, मग उरेल ते आपले. घराचा पैसा आणि धंद्याचा पैसा यांची वही वेगळी पाहिजे. हे बँक शिकवत नाही, मनालाच वळण लावावे लागते.

दुसरी गोष्ट अंदाजाची. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. पाच फुटांची सरी आणि दोन रोपांत दोन फूट धरले, तर एका रोपाला दहा चौरस फूट लागतात. म्हणजे एकरी सुमारे 4,350 रोपे. दहा एकरांची मागणी घेतली तर 43,500 रोपे झाली, वर नांग्या भरायला वेगळी. एवढे गणित न मांडता "देतो की" म्हणणारा ऐन लागवडीत तोंडघशी पडतो. नाही म्हणायला शिकणे, हेही धंद्यातले शिक्षणच आहे.

तिसरी गोष्ट शब्दाची. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव एकट्या-दुकट्याचे नाही, सगळ्या मुलखाचे आहे. ओलसर माल किंवा भेसळ एकाने मोंढ्यात नेली, तर बोट सगळ्यांकडे दाखवले जाते.

मग करायचे काय? कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तोच धंदा करणाऱ्याकडे एक हंगाम काम करून पाहा. रोजचा जमाखर्च त्याच रात्री लिहा. घरच्या लक्ष्मीला तो दाखवा. तिला कळला नाही तर तुम्हालाही कळलेला नाही असे समजा. नुकसान झाले तर नशिबाला बोल लावण्याआधी वही उघडा.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. पोरगा पहिल्या वर्षी चुकला तर चावडीवर त्याचे वाभाडे काढू नका. पण वही न पाहता दुसऱ्यांदा सहीदेखील करू नका.