तंबाखूचा विषाणू आणि आपले हात

काकतीहून हमरस्त्याने उत्तरेकडे गेले की निपाणीचा तंबाखूचा मुलूख लागतो. विषाणू म्हणजे काय हे जगाला प्रथम कळले ते याच पिकावरून. मोझॅक रोगात तंबाखूच्या पानावर गडद व फिकट हिरवे चट्टे पडतात, पान आखडते, रोप खुंटते. १८९२ साली रशियात इव्हानोव्स्की यांनी अशा पानाचा रस जीवाणूही अडतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला, तरी त्याने रोग झालाच. १९३५ साली अमेरिकेत स्टॅन्ली यांनी तर या विषाणूचे साखरेसारखे स्फटिक केले. स्फटिक बरणीत ठेवले तर वाढत नाहीत. पानावर चोळले की पुन्हा रोग.

याचे कारण असे, की विषाणूजवळ फक्त मोजक्या चारेक प्रथिनांची कृती असते. चूल, सरपण, पीठ सगळे झाडाच्या पेशीचे! प्रथिने जुळवणारी यंत्रणा पेशीची, कच्चा माल पेशीचा. एवढेच नव्हे, विषाणूच्या नकला काढणारे प्रथिन पेशीतल्या पडद्याला बांधावे लागते, आणि तो खुंटाही झाडाचाच. त्या प्रथिनाला टॉम-१ म्हणतात. जपानच्या इशिकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातील एका लहान झाडात असे खुंटे काढून टाकले, तेव्हा विषाणू वाढेना. झाड मात्र नीट वाढले. २०२२ साली त्यांनी टोमॅटोतही ही किमया केली, मोझॅकच्या एका भाऊबंद विषाणूविरुद्ध.

म्हणूनच मोझॅकवर बुरशीचे औषध फवारणे म्हणजे पैसा मातीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. विषाणू झाडाच्याच यंत्रणेवर जगतो. ती यंत्रणा मारणारे औषध झाडही मारील.

तेव्हा विषाणूला पेशीत शिरू न देणे, हेच हाती उरते. शिरायला त्याला पानावरचा बारीकसा ओरखडा पुरतो, आणि तो पोचतो आपल्या बोटांनी. वाळलेल्या तंबाखूतही हा विषाणू टिकून राहतो. तंबाखू मळलेल्या हातांनी मिरची-टोमॅटोचे तरू उपटले तर रोग आपणच लावला म्हणायचा! वाफ्यात विडी-तंबाखू नको. कामाआधी हात साबणाने धुवावेत. साय काढलेल्या दुधात हात बुडवून तरू लावल्यानेही लागण कमी होते. रोगट रोप उपटून दूर न्यावे, पण ते सगळ्यांत शेवटी. आधी निरोगी ओळीतले काम उरकावे.

मिरचीवरचा चुरडा-मुरडा मात्र निराळा. तो किडी पसरवतात, तेथे नुसते हात धुऊन भागत नाही.